आई-बाबांच्या एफडीवर आपलं नाव आणि आयआरएस



मार्च उजाडला की ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, "अरे, एनआरईचं व्याज टॅक्स फ्री ना?" हो, पण ते भारतात. अमेरिकेच्या टॅक्ससाठी तुम्ही रेसिडेंट असाल (सिटिझन, ग्रीन कार्डवाले, आणि दिवसांच्या हिशोबात बसणारे एच-१बी वालेसुद्धा), तर जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. एनआरई आणि पीपीएफचं व्याजही त्यातच आलं.

पण बरेच जण अडकतात ते दुसरीकडेच. बाबांच्या एफडीवर सोयीसाठी आपलं नाव दुसरं लावलेलं असतं. पैसे त्यांचे, व्याज त्यांचं, मग आपला काय संबंध? संबंध आहे. उत्पन्न कोणाचं हा एक प्रश्न, खातं कळवायचं की नाही हा दुसरा.

१. एफबार (फिनसेन फॉर्म ११४): परदेशातल्या सगळ्या खात्यांची वर्षातली कमाल शिल्लक मिळून १०,००० डॉलरच्या वर गेली, की भरायचाच. जॉइंट खात्याची रक्कम निम्मी नाही, पूर्ण धरायची. म्हणजे तुमचे एनआरईत ३ लाख आणि बाबांबरोबर २० लाखांची एफडी असेल, तर तुम्ही केव्हाच मर्यादेपलीकडे. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. फॉर्म ऑनलाइन, फुकट, आणि रिटर्नपासून वेगळा. टॅक्स एक पैसाही लागत नाही, पण न भरल्यास दंड १०,००० डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. २०२३ च्या बिटनर निकालानंतर, मुद्दाम लपवलेलं नसेल तर हा दंड दर खात्यामागे नाही, दर रिपोर्टमागे आहे, एवढाच दिलासा.

२. फॉर्म ८९३८: हा रिटर्नसोबत जातो आणि याची मर्यादा वेगळी. इथे राहणाऱ्या एकट्यासाठी वर्षअखेर ५०,००० डॉलर किंवा वर्षात कधीही ७५,०००. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यासाठी दुप्पट. एक भरला म्हणून दुसरा सुटत नाही.

३. एनआरओ: भारतात व्याजावर ३०% अधिक सेस टीडीएस कापतात. करारानुसार दर १५% आहे, त्यासाठी बँकेला अमेरिकेचं रेसिडेन्सी सर्टिफिकेट द्यावं लागतं. इथे क्रेडिट करारातल्या दराइतकंच मिळतं. जास्तीचे कापलेले पैसे भारतात रिटर्न भरून परत मागा.

४. भारतीय म्युच्युअल फंड: इथे ते पीफिक ठरतात. फॉर्म ८६२१ आणि डोकेदुखी. नवीन एसआयपी सुरू करण्याआधी दहादा विचार करा.

"त्यांना कसं कळणार?" असं म्हणू नका. भारत-अमेरिका फाटका करार २०१५ पासून लागू आहे आणि बँका माहिती पाठवतात. शिवाय शेड्यूल बीमध्ये परदेशी खात्याचा प्रश्न सरळ विचारलेला असतो.

माझा सल्ला: आई-बाबांशी मोकळेपणी बोला. नुसता वारसाचाच विचार असेल तर नॉमिनी राहा. नॉमिनीला त्यांच्या हयातीत खात्यावर हक्क नसतो, त्यामुळे तेवढ्यावरून एफबार लागत नाही. पण उद्या त्यांच्या आजारपणात पैसे काढायला कोणी हवं असेल, तर नाव खुशाल ठेवा आणि दरवर्षी फॉर्म भरा. पैसे त्यांचेच असल्याचे कागद मात्र जपा. मागची वर्षं राहिली असतील, तर नोटिशीची वाट न बघता सीपीए गाठा.

मी सीपीए नाही, त्यामुळे चू. भू. द्या. घ्या.