ई-पत्राचें शिक्कामोर्तब



पत्रावर ज्याचें नांव असेल त्यानेंच तें पाठविलें असावें, असा आपला सर्वांचा सहज समज असतो. गेल्या वर्षीं अकोल्याच्या एका लहान शिक्षणसंस्थेस हा समज महाग पडला. संस्थेनें स्वतःच्या नांवाचें डोमेन घेऊन भाड्याच्या यंत्रावर स्वतःचा टपाल-सर्व्हर चालविला होता, आणि माजी विद्यार्थ्यांशीं होणारा पत्रव्यवहार निवृत्तीनंतर मी अमरावतीस बसून पाहत असें. एके दिवशीं संस्थेच्या पत्त्यावरून देणगी मागणारें ई-पत्र पुष्कळांस गेलें. त्यांतील बँकेचें खातें मात्र भलत्याचेंच होतें. एका विद्यार्थ्यानें वडिलांच्या स्मरणार्थ रक्कम भरली आणि पावतीसाठीं मला फोन केला, तेव्हां प्रकार उघडकीस आला. सर्व्हर कोणी फोडला होता काय? मुळींच नाहीं. घराचें कुलूप शाबूत होतें. आमच्या नांवाला मात्र कुलूपच नव्हतें!

हें कसें घडूं शकतें? ई-पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याची रीत १९८२ सालीं ठरली. तेव्हां जाळ्यावर वस्ती थोडी, आणि तीही बहुतेक विद्यापीठांची व संशोधनसंस्थांची. म्हणून पाठविणाराचें नांव खरें कीं खोटें हें तपासण्याची सोय त्या रीतींत ठेवलीच गेली नाहीं. पोस्टकार्डावर कोणींही कोणाचेंही नांव लिहावें, तसाच हा प्रकार.

अशा अडचणीवरचा उपाय आपल्या भाषेंत एका शब्दांत सांठविलेला आहे : शिक्कामोर्तब. शिवकालीन राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला तेथें मोर्तब होई. मुद्रेवरून पत्र कोणाचें तें कळे; मोर्तबामुळें मागाहून खालीं एक ओळही जोडतां येत नसे. जेथें अशी खूण तपासतां येत नाहीं, तेथें तोतयाचें फावतें. पानिपतावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले. पुढें त्यांचें नांव सांगणारा एक तोतया निघाला, आणि १७७६ सालीं त्यास देहान्त शासन होण्यापूर्वीं कोंकणांतले कित्येक किल्ले त्याच्या हातीं गेले होते.

ई-पत्रासाठीं शिक्कामोर्तबाच्या तीन व्यवस्था आहेत. तिन्हींच्या नोंदी डीएनएस नांवाच्या जाहीर वहींत होतात. ही वही जगांत कोणीही वाचावी. पण आपल्या डोमेनच्या पानावर लिहिण्याचा अधिकार मालकासच.

पहिली एस्पीएफ. 'आमच्या नांवानें पत्रें टाकण्याची मुभा अमुक आयपी पत्त्यांसच आहे' अशी ही यादी. घेणारा सर्व्हर दाराशीं आलेल्याचा पत्ता तींत पाहतो. एका डोमेनची अशी नोंद एकच असावी; दोन झाल्या तर तपासणीच फसते. हिच्यांत उणिवाही आहेत. पत्र कोणीं परस्पर दुसऱ्या पत्त्याकडे वळविलें, कीं तें यादीबाहेरच्या सर्व्हरवरून येतें आणि खरें असूनही नापास होऊं शकतें. शिवाय एस्पीएफ पाकिटावरचें नांव तपासतें. वाचणाऱ्यास दिसतें तें आंतल्या कागदावरचें.

दुसरी डीकिम. हींत किल्ल्यांची एक जोडी असते. खाजगी किल्ली सर्व्हरवर जपून ठेवावयाची, तिची जोडीदार जाहीर वहींत लावावयाची. प्रत्येक पत्राच्या मजकुरावर व मुख्य मथळ्यांवर खाजगी किल्लीनें गणिती सही होते. जाहीर किल्लीनें ती कोणासही पडताळतां येते. वाटेंत मजकुराचा एखादा शब्द बदलला, तर सही जुळत नाहीं. हेंच खरें मोर्तब. किल्ली २०४८ बिटांची घ्यावी.

तिसरी डीमार्क. वाचणाऱ्यास दिसणारें डोमेन आणि एस्पीएफ किंवा डीकिममध्यें उत्तीर्ण झालेलें डोमेन जुळलेंच पाहिजे, हा तिचा दंडक. न जुळल्यास काय करावें, हेंही मालकानें येथें सांगावयाचें : नुसतें कळवा, संशयित टपालांत टाका, किंवा दारांतूनच परत करा. शिवाय आपल्या नांवानें कोठून किती पत्रें निघालीं याचे अहवाल मोठ्या टपालसेवा पाठवितात.

आतां क्रम ध्यानांत घ्या. प्रथम आयपी पत्त्यावरून सर्व्हरचें नांव सांपडेल अशी उलट नोंद करून घ्यावी. ती पत्ता देणाऱ्याकडूनच होते. मग एस्पीएफ, नंतर डीकिम, शेवटीं डीमार्क. तीही प्रथम 'नुसतें कळवा' एवढीच. उतावळेपणा येथें नडतो. अहवाल वाचतांना आम्हांस आढळलें कीं, आमच्या शुल्काच्या पावत्या भलत्याच एका सर्व्हरवरून, पण आमच्याच सांगण्यावरून, जात होत्या. पहिल्याच दिवशीं 'परत करा' म्हटलें असतें, तर आमच्याच पावत्या परत आल्या असत्या. त्या सर्व्हरची सोय लावून, कांहीं आठवडे पाहून, मगच आम्हीं नियम कडक केला.

हा उद्योग आतां ऐच्छिकही राहिलेला नाहीं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू या सेवा प्रत्येक पाठविणाराकडून एस्पीएफ किंवा डीकिम यांपैकीं एक तरी मागतात. जीमेलच्या ग्राहकांस दिवसाला ५००० च्या घरांत पत्रें पाठविणारास तिन्ही आवश्यक आहेत.

एक मर्यादा मात्र विसरूं नये. हें शिक्कामोर्तब नांव खरें आहे एवढेंच सांगतें, माणूस खरा आहे असें सांगत नाहीं. एखादें अक्षर फिरवून आपल्यासारखेंच दुसरें डोमेन कोणीं घेतलें, तर त्याचें शिक्कामोर्तबही बिनचूक असूं शकतें. तेव्हां पैसे मागणारें पत्र आलें, कीं आधीं ओळखीच्या क्रमांकावर विचारून घ्यावें.

त्या विद्यार्थ्याचे पैसे परत मिळाले नाहींत. "गुरुजी, पत्र तुमच्याच नांवाचें होतें," एवढेंच तो म्हणाला. पत्र मीं लिहिलें नव्हतें; पण नांव उघडें ठेवणारे आम्हीच होतों. स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्यानें हें ओझें आपलें समजावें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.