पाणवनस्पतींच्या टाकीला स्वस्त एलईडी चालतो का?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला, आणि त्याचप्रमाणे राज्यातील लहानमोठ्या शहरांत फिश टँकचा धंदा करणाऱ्या आपल्या बंधूंकडे गेल्या काही वर्षांत एका वेगळ्या प्रकारचे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याला प्लास्टिकची झाडे आणि रंगीत खडी नको असते. पाण्यात मुळे धरणारी, वाढणारी, खरी हिरवी झाडे आणि त्यांतून फिरणारे लहान मासे अशी टाकी त्याला हवी असते. जपानचे ताकाशी अमानो यांनी अशा टाक्यांचा शौक जगभर पसरवला. त्यांचे या विषयावरील सचित्र पुस्तक १९९२ साली आले आणि तेव्हापासून ही कला वाढतच आहे.

हे गिऱ्हाईक दुकानात आले की अडचण उभी राहते ती दिव्याची. दुकानदार त्याला एक तर काही हजार रुपयांचा परदेशी दिवा दाखवतो, नाहीतर निळ्या-पांढऱ्या रंगाची शोभेची पट्टी दाखवतो. पहिला परवडत नाही म्हणून तो दुसरी घेऊन जातो. महिन्याभरात झाडांची पाने विरघळतात, काचेवर शेवाळ चढते आणि गिऱ्हाईक टाकी रिकामी करून माळ्यावर टाकतो. दुकानदाराने पट्टीवर पन्नास-शंभर रुपये कमावले खरे. पण त्या टाकीला पुढे वर्षानुवर्षे लागणारे खाद्य, मासे, फिल्टरचा स्पंज, खत हे सगळे गमावले. म्हणून हा दिवा म्हणजे नेमके काय, तो स्वस्तात कसा जमवावा आणि त्यात धोका कोठे आहे, याची माहिती दुकानदार आणि वायरमन दोघांनीही करून घेणे फायद्याचे आहे.

सरळ उत्तर द्यायचे तर स्वस्त एलईडी चालतो. घरात लावतो तोच साधा पांढरा एलईडी झाडे वाढवू शकतो. पांढरा एलईडी हा मुळात निळा दिवा असून त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो. निळ्याचा काही भाग पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. भरपूर उजेड देणारा निळा एलईडी जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली तयार करून दाखवला. त्यांना, इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह, २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. (हे अमानो निराळे, टाक्यांचे अमानो निराळे.) पुढे आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना सुरू झाली, लाखोंच्या संख्येने बल्बची एकत्र खरेदी झाली आणि २०१४ मध्ये सरकारी खरेदीत सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब तीन वर्षांत ४० रुपयांच्याही खाली उतरला. आज लोहार चाळीत शे-दोनशे रुपयांत मिळणारी दोन फुटी बॅटन ही त्याच उलथापालथीची देणगी आहे.

वॅट विसरा, लुमेन विचारा

जुन्या टाक्यांना ट्यूबलाईट असे. तेव्हा टाकी केवढी, तर एवढे वॅट, असा ठोकताळा होता. तो त्या काळच्या ट्यूबसाठी ठीक होता. एलईडीला तो लावला की हिशोब चुकतो, कारण वॅट हा विजेच्या खपाचा आकडा आहे, उजेडाचा नाही. उजेडाचा आकडा म्हणजे लुमेन. चांगल्या कंपनीच्या बल्बच्या खोक्यावर तो छापलेला असतो. साधारण ९ वॅटचा बल्ब ९०० लुमेनच्या आसपास, १० वॅटची दोन फुटी बॅटन १००० च्या आसपास आणि २० वॅटची चार फुटी बॅटन २००० च्या आसपास उजेड देते. ज्या खोक्यावर लुमेन छापलेलेच नाहीत तो माल झाडांच्या टाकीसाठी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठोकताळा असा : सोप्या झाडांना दर लिटर पाण्यामागे १० ते २० लुमेन पुरतात. मध्यम झाडांना २० ते ४०. त्यापुढे गेलात तर सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड सोडण्याची तयारी ठेवावी लागते.

आपल्याकडे सर्वांत जास्त खपणारी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिचे माप ५६ लिटर भरते. माती-खडी आणि वरची रिकामी जागा वजा करता पाणी ४५ लिटर. तिला एक १० वॅटची बॅटन लावली तर लिटरमागे २२ लुमेन पडतात. सगळा उजेड पाण्यात जात नाही, काही बाजूला सांडतो, काही काचेच्या झाकणावर अडतो. तरी सोप्या झाडांना हा उजेड पुरेसा आहे. दोन बॅटन लावल्या तर मध्यम झाडेही जोमाने येतात. विजेचा खर्च पाहा : २० वॅट दिवसाला आठ तास म्हणजे महिन्याला पाच युनिटपेक्षाही कमी. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी १२७ लिटरची. तिला त्याच प्रमाणात दिवे वाढवावे लागतात आणि थोडे जास्तच, कारण उंची वाढली की तळाशी पोहोचणारा उजेड पसरून कमी होतो.

रंगाच्या बाबतीत गिऱ्हाईक फार गोंधळते. खोक्यावर ३०००, ४०००, ६५०० केल्विन असे आकडे असतात. ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे शुभ्र दिवसासारखा. झाड यांतल्या कोणत्याही पांढऱ्या उजेडावर वाढते. ६५०० आपण घेतो ते टाकी स्वच्छ आणि हिरवी दिसते म्हणून. नुसता निळा दिवा समुद्री टाकीच्या शौकिनांसाठी असतो. लाल-निळ्या मिश्रणाचा जांभळा दिवा झाड वाढवतो, पण टाकी पाहवत नाही आणि जी टाकी पाहवत नाही ती दिवाणखान्यात कोण ठेवणार? लाल झाडे आणि लाल मासे खुलून दिसावेत असे वाटत असेल तर खोक्यावर सी. आर. आय. हा आकडा ८० किंवा त्याहून अधिक असल्याची खात्री करावी.

आता दिवा खरोखर किती उजेड देतो हे तपासण्याची एक युक्ती. टाकीत पाणी भरण्याआधी मोबाईल तळाशी, पडदा वर करून ठेवा, दिवा नेहमीच्या उंचीवर लावा आणि उजेड मोजणाऱ्या मोफत ॲपवर लक्सचा आकडा पाहा. मोबाईलचे मोजमाप काटेकोर नसते, पण दोन दिव्यांची तुलना करायला ते पुरते. तळाशी दीड ते दोन हजार लक्स आले तर सोपी झाडे जगतील, तीन हजारांच्या पुढे मध्यम झाडे. हाच मोबाईल कॅमेरा चालू करून दिव्यासमोर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर त्या दिव्याची सर्किट हलकी आहे असे समजावे. झाडाला त्याचे काही वाटत नाही. समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र त्रास होतो. ५० वॅट म्हणून विकला जाणारा फ्लड लाईट मीटरवर लावला तर तीसही वॅट घेत नाही, असे प्रकार बाजारात सर्रास आहेत. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर दुकानात एक ठेवावा आणि गिऱ्हाईकासमोर माल मोजून द्यावा. विश्वास बसतो.

पाणी आणि वीज एकत्र

येथे थोडे थांबून बोलणे भाग आहे. टाकीचा दिवा हा घरातील इतर दिव्यांसारखा नाही. त्याच्याखाली उघडे पाणी आहे, वाफ सतत वर जाते आणि घरातला माणूस, कित्येकदा लहान मूल, ओला हात त्या पाण्यात घालते. स्वस्त फ्लड लाईटमध्ये बहुधा वेगळा ड्रायव्हर नसतो. २३० व्होल्ट थेट दिव्याच्या पत्र्यावरील सर्किटवर आलेले असतात आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीपासून त्यांना वेगळे करणारा थर अगदी पातळ असतो. त्यात ओल शिरली, आणि घरात अर्थिंगची तार नसेल, तर संपूर्ण बॉडीच जिवंत होते. जुन्या चाळींमधून अर्थिंग नसलेले पॉइंट कितीतरी आहेत. अशा ठिकाणी दोन पिनांचा फ्लड लाईट पाण्यावर टांगून देणे म्हणजे गिऱ्हाईकाच्या जिवाशी खेळ आहे. खोक्यावरील आय. पी. ६५ या खुणेचा अर्थ धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाणार नाही, एवढाच. दिवा पाण्यात पडला तरी चालेल असा मुळीच नाही.

प्लास्टिक बॉडीची बॅटन हाताला सुरक्षित वाटते, पण तिच्या दोन्ही टोकांतून वाफ आत जाते. ती वापरायची तर टाकीवर काचेचे झाकण हवेच आणि बॅटन त्या काचेच्या वर, लाकडी हूडमध्ये पक्की बसवलेली हवी. बल्बचा होल्डर वाफेवर ठेवला तर काही महिन्यांत त्याची पितळ हिरवी पडते, तेव्हा तोही झाकणाच्या वरच.

सर्वांत बरा उपाय म्हणजे १२ व्होल्टची पट्टी. चुकून हात लागला तरी शॉक बसत नाही. २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा अ‍ॅडॅप्टर मात्र टाकीच्या वर किंवा हूडमध्ये कधीही ठेवू नये. तो बाजूला, भिंतीवर, पाणी सांडणार नाही अशा जागी असावा. कोणत्याही टाकीची वायर प्लगपर्यंत जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर प्लगला जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाला टपकते आणि सॉकेटमध्ये शिरत नाही. पॉइंटवर ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. बसवून घ्यावा. दिवा, हीटर, पंप सगळेच त्याच्या आड येतात. पाण्यात हात घालण्यापूर्वी मेन बंद, हे गिऱ्हाईकाला प्रत्येक वेळी सांगावे, त्याला कंटाळा आला तरी.

हूड बनवणाऱ्या सुतारबंधूंना आणि वायरिंग करणाऱ्या कारागिरांना येथे चांगले काम आहे. दोन फुटी टाकीसाठी १२ व्होल्टची, मीटरला १४ वॅटची पांढरी पट्टी घ्यावी आणि तिचे दोन-दोन फुटांचे तीन तुकडे करावेत. या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कापण्याची खूण असते, तेथेच कापावे. एकूण पावणेदोन मीटरपेक्षा थोडी जास्त पट्टी, म्हणजे २५ वॅट. हे तुकडे ॲल्युमिनियमच्या चॅनलवर चिकटवावेत. नुसत्या प्लायवूडवर चिकटवू नयेत, कारण एलईडी समोर उष्णता फेकत नाही, ती पाठीमागे साचते आणि चिप वेळेआधी मंद होते. तिन्ही तुकड्यांना वेगवेगळी वायर देऊन ती एकत्र अ‍ॅडॅप्टरला जोडावी. जोड क्लिपने नव्हे तर सोल्डरने करावेत, क्लिप ओलीत गंजते. २५ वॅटला १२ व्होल्टवर दोन अँपिअरहून थोडे अधिक लागतात. म्हणून अ‍ॅडॅप्टर ३ अँपिअरचा. काटोकाट घेतला तर उन्हाळ्यात तापून बसतो. सिलिकॉनचा थर असलेली पट्टी ओलीला टिकते, पण गरम होऊन पिवळी पडते. काचेचे झाकण चांगले असेल तर साधी पट्टी बरी.

दिव्याबरोबर झाडही योग्य द्या

साध्या दिव्याखाली जावा फर्न, अ‍ॅनुबियास, व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि क्रिप्टोकोरीन ही झाडे निश्चिंत द्यावीत. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतल्याच आहेत. ही झाडे नव्या टाकीत गेली की पहिल्या पंधरवड्यात जुनी पाने गाळतात. मुळे शाबूत राहतात आणि नवी पाने येतात. हे आधी सांगितले नाही तर गिऱ्हाईक झाड मेले म्हणून उपटून फेकतो आणि दोष दिव्याला देतो. जमिनीवर गालिच्यासारखी पसरणारी झाडे आणि लालभडक पानांची झाडे कार्बन डायऑक्साइडशिवाय विकू नयेत. रोटाला मॅक्रँड्रा दक्षिण भारतातलीच आहे, तरी टाकीत तिचे नखरे सांभाळणे नवख्याला जमत नाही.

शेवाळ हा प्रश्न बहुतेक वेळा जास्त उजेडाचा असतो. उजेड वाढला की झाडाची कार्बन आणि खताची भूक वाढते. ती भागली नाही तर झाड थांबते आणि त्या उजेडाचा फायदा शेवाळ घेते. म्हणून नव्या टाकीला पहिला महिना सहा तासच दिवा, नंतर आठ. त्यासाठी साधा टायमर लावून द्यावा, कारण माणूस विसरतो आणि रात्री पाहुणे आले की दिवा बारापर्यंत चालू राहतो. टाकी खिडकीसमोर असेल तर ऊन हाही दिवाच समजून तास कमी करावेत.

विक्रीच्या वेळी एका चिठ्ठीवर दिव्याचे लुमेन, किती तास लावायचा आणि कोणती झाडे दिली हे लिहून द्यावे. तक्रार आली की ती चिठ्ठी दोघांच्याही कामी येते. काचेचे झाकण दर आठवड्याला पुसायला सांगावे, पाण्यातल्या क्षाराचा पांढरा थर चढला की दिवा चांगला असूनही खाली अंधार पडतो. खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असतात, म्हणजे दिवसाला आठ तासांप्रमाणे साडेआठ वर्षे; प्रत्यक्षात चिप टिकते आणि अ‍ॅडॅप्टर आधी जातो. म्हणून १२ व्होल्ट, ३ अँपिअरचे दोन-तीन अ‍ॅडॅप्टर दुकानात नेहमी जादा ठेवावेत.