रस्ता सायकलचाही आहे!

नवी सायकल घेतलेला माणूस पहिल्या दिवशी काय करतो? रस्त्यावरच्या बस, रिक्षा आणि मोटारसायकलींकडे एकदा धास्तावल्या नजरेनं बघतो आणि मुकाट्यानं बाजूच्या सायकल ट्रॅकवर चढतो. पुण्यासारख्या शहरात हे दृश्य नेहमीचं. पण काही आठवडे जातात आणि गंमत होते. तोच माणूस ट्रॅक सोडून रस्त्याच्या डाव्या बाजूनं, गाड्यांच्या बरोबरीनं सायकल हाकताना दिसतो. घरचे ओरडतात, ‘अरे, चांगला वेगळा ट्रॅक करून दिलाय, मग जिवावर उदार कशाला होतोस?’

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ख्याती होती. शाळकरी मुलं, कारखान्यातले कामगार, प्राध्यापक सगळे सायकलवर असायचे. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली आणि सायकल कडेला ढकलली गेली. मग तिच्यासाठी कडेलाच वेगळी पट्टी आखण्यात आली. पण या पट्टीवर कुठे झाड मध्येच उभं, कुठे विजेची पेटी, कुठे वडापावची गाडी, तर कुठे दुचाकींची रांग. दर थोड्या अंतरावर ट्रॅक संपतो, सायकल खाली उतरवायची, पुन्हा वर चढवायची. मोटारचालकानं पोलिसांच्या परवानगीशिवाय सायकल ट्रॅकवर गाडी घालू नये, असं 1989च्या केंद्रीय रस्ता नियमावलीत स्पष्ट म्हटलं होतं. पण गर्दीच्या वेळी नियमावली कोण वाचतो?

अडथळे हटवले की प्रश्न मिटेल, असं कुणालाही वाटेल. पण खरी मेख वेगळीच आहे आणि ती जगाला फार पूर्वी कळली होती.

नव्वद वर्षांपूर्वीचं भांडण

डिसेंबर 1934. लंडनच्या पश्चिमेला वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यू या नव्या रस्त्यालगत ब्रिटनमधला पहिला सायकल ट्रॅक सुरू झाला. उद्‌घाटन केलं वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी. त्या काळी ब्रिटनमध्ये रस्ते अपघातांत वर्षाला सात हजारांवर माणसं मरत होती, तेव्हा सायकलस्वारांनी सरकारचे आभार मानायला हवे होते. घडलं उलटंच. 1878 साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेनं या ट्रॅकला कडाडून विरोध केला.

कारण साधं होतं. 1888च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये सायकलला ‘वाहन’ म्हणून मान्यता मिळाली होती. म्हणजे घोडागाडीचा रस्त्यावर जितका हक्क, तितकाच सायकलचा. आज वेगळा ट्रॅक दिला, उद्या त्याची सक्ती होईल आणि परवा रस्त्यावरून हाकलून देतील, ही त्यांची भीती होती. शिवाय ट्रॅक प्रत्येक आडरस्त्यापाशी तुटायचा आणि नेमका तिथेच धोका असायचा.

ही भीती अगदीच अनाठायी नव्हती, हे पुढे अमेरिकेत दिसलं.

लेखकाचा मुलगा, दंडाची पावती

जॉन फॉरेस्टर हे कॅलिफोर्नियातले औद्योगिक अभियंते. ‘होर्नब्लोअर’ या सागरी साहसकथांचे लेखक सी. एस. फॉरेस्टर यांचे हे चिरंजीव. 1929 साली लंडनमध्ये जन्म, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत स्थलांतर. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पालो आल्टो शहरानं काही रस्त्यांवर सायकलस्वारांनी फूटपाथवरूनच जावं, असा नियम केला. हेतू चांगलाच होता. पण फॉरेस्टर मुद्दाम रस्त्यावरूनच जात राहिले. पोलिसांनी त्यांना पकडलं, खटला भरला. फॉरेस्टर लढले आणि पुढे तो नियम टिकला नाही.

त्यांनी एक प्रयोगही करून पाहिला. रोजच्या वेगानं, ऐन गर्दीच्या वेळी फूटपाथवरून सायकल चालवली. एकामागून एक गाड्यांशी टक्कर होता होता वाचली. एरवी त्याच भागात रस्त्यावरून जाताना त्यांना असला त्रास होत नसे.

असं का व्हावं? हिशेब करून बघा. पायी चालणारा माणूस ताशी पाच किलोमीटर वेगानं तीन सेकंदांत साधारण चार मीटर जातो. ताशी वीस किलोमीटर वेगाची सायकल तेवढ्याच वेळात सोळा-सतरा मीटर कापते. गल्लीत वळणारा मोटारवाला फूटपाथवर नजर टाकतो ती चार-पाच पावलांपर्यंत. तिथे कुणी नाही असं बघून तो गाडी वळवतो आणि झाडामागून किंवा उभ्या गाड्यांच्या रांगेआडून सायकल थेट त्याच्यासमोर येते. दोष कुणाचा? दोघांचाही नाही म्हणा हवं तर. रस्त्यावरची सायकल मात्र त्याच्या नजरेच्या टप्प्यात आधीपासून असते.

माणसाला भीती वाटते ती पाठीमागून येणाऱ्या गाडीची. पण शहरातल्या सायकल अपघातांत चौक, गल्ल्यांची तोंडं आणि वळणं यांचा वाटा फार मोठा असतो. सायकलस्वारानं स्वतःला वाहनचालक समजावं आणि इतरांनीही त्याला तसंच वागवावं, हे फॉरेस्टर यांचं सूत्र. त्यांचं ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’ हे पुस्तक 1984 पासून एमआयटी प्रेसनं प्रकाशित केलं आणि 2012 साली त्याची सातवी आवृत्ती निघाली. एप्रिल 2020 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

नाण्याची दुसरी बाजू

मग काय, सगळे सायकल ट्रॅक उखडून टाकायचे? मुळीच नाही. पाठीमागून बसणारी धडक संख्येनं कमी असली, तरी ती जीवघेणी ठरण्याचा संभव जास्त असतो. शहराबाहेरच्या वेगवान रस्त्यांवर आणि अंधारात तर विशेषच. धडधाकट, सरावलेला प्रौढ माणूस गाड्यांच्या लोंढ्यात शिरेल. दहा वर्षांच्या मुलीनं काय करायचं? साठीच्या आजोबांनी काय करायचं?

याचं उत्तर नेदरलँड्सनं दिलं. 1971 साली त्या छोट्याशा देशात रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसं दगावली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आईवडील रस्त्यावर उतरले. ‘बालहत्या थांबवा’ अशी चळवळच उभी राहिली. त्यानंतर तिथे जे सायकलमार्ग झाले ते केवळ फूटपाथवर रंग मारून नव्हे. ते सलग आहेत. आडरस्त्यापाशी सायकलमार्ग त्याच उंचीवर पुढे जातो आणि मोटारीला उंचवटा चढून, वेग कमी करून वळावं लागतं. मोठ्या चौकात सायकलसाठी वेगळे सिग्नल असतात. गल्लीबोळांत वेगळा ट्रॅकच नाही, तिथे मोटारींचाच वेग आवळला जातो.

थोडक्यात, वाद ट्रॅक की रस्ता असा नाहीच. चांगला ट्रॅक हवा, पण वाईट ट्रॅकपेक्षा रस्ता बरा, असा हा व्यवहार आहे. नवा सायकलस्वार काही आठवड्यांत ट्रॅक सोडतो तो मस्तीपोटी नव्हे. तीन ठिकाणी गाडी अंगावर आल्यावर त्याला हे शहाणपण आलेलं असतं.

रस्त्यावर उतरताना

मात्र रस्त्याचा हक्क सांगायचा तर वाहनचालकाची शिस्तही पाळायला हवी. उलट्या दिशेनं कधीही जाऊ नये. उभ्या गाड्यांच्या अगदी जवळून जाऊ नये, कारण दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. दार पूर्ण उघडलं तरी धक्का लागणार नाही इतकं अंतर राखावं आणि सरळ रेषेत चालवावं. जागा बदलण्यापूर्वी मान वळवून मागे बघावं, मग हात दाखवावा. उजवीकडे वळायचं असेल आणि गर्दी फार असेल, तर सरळ उतरावं आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. त्यात कमीपणा नाही. सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या बगलेत शिरून उभं राहू नये, तिथे चालकाला सायकल दिसतच नाही. रात्री पुढे-मागे दिवा आणि डोक्यावर हेल्मेट असावं. लहान मुलांना मात्र आधी मैदानात, मग शांत गल्लीत शिकवावं. हमरस्त्याची घाई नको.

आणि मोटारवाल्यांनी काय करायचं? गल्लीत वळताना डावीकडच्या आरशात एक नजर, सायकलला ओलांडताना थोडी जादा जागा. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

शेवटी ट्रॅक कुठून जावा हे महापालिका ठरवते, पण तो वापरण्याजोगा आहे की नाही हे सायकलवर बसलेला माणूसच सांगू शकतो. बांधलेल्या ट्रॅकवरून सायकली जात नसतील, तर ‘लोकांना शिस्त नाही’ म्हणण्याआधी अधिकाऱ्यांनी एकदा स्वतः त्यावरून सायकल चालवून बघावी. पहिल्या दोन चौकांतच उत्तर मिळेल!