दोन खेचरांचं ओझं

पहाटे 3:30
गाईड उठला की आधी घोड्यांकडे जातो. दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर ताणलेला दोर, त्याला बांधलेले नऊ घोडे आणि चार खेचरं. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात तो एकेकाचा खूर उचलून बघतो. एका घोडीचा नाल हललाय. तो खिळा वळवतो, हातोडीने बसवतो. नालबंद गावातच राहतो. एका घोड्याचे दीडशे डॉलर घेतो आणि सहा-आठ आठवड्यांनी परत तेवढेच.

ही जागा अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, यलोस्टोनच्या दक्षिणेला लागून आहे. टेटन विल्डरनेस, कायद्याने राखलेलं रान. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे, बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय आलीय. गाडीरस्ता इथून 14 किलोमीटरवर. छावणीच्या मालकाने मला राहू दिलंय ते लाकडं फोडायची आणि भांडी घासायची या बोलीवर. बंदूक मी धरत नाही. मला बघायचंय ते शिकारीमागचं काम.

पहाटे 4:15
स्वयंपाकाचा तंबू ऊबदार आहे. स्वयंपाकीण साठीची. अंडी, डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, बटाटे, आणि पातेलंभर कॉफी. दुपारच्या पुड्याही तिने बांधून ठेवल्यात. पाहुणे दोन. त्यांतल्या एकाचं डोकं उंचीने धरलंय, तो आज झोपणार. दुसरा टेक्ससचा, घरांवर छपरं घालायची कंत्राटं घेणारा, पंचावन्नच्या आसपासचा. हाताची बोटं जाडजूड, एका नखाखाली रक्त साकळलेलं. गेली आठ वर्षं तो या सहलीसाठी पैसे बाजूला टाकत होता.

त्याआधी तो आपल्या मेव्हण्याबरोबर कोलोरॅडोत तीनदा गेला होता. तेव्हा तिथे परवाना दुकानातून विकत घ्यायचा आणि आपला आपण डोंगर चढायचा. गाईड नाही, घोडा नाही. तिन्ही वेळा रिकाम्या हाताने आला. त्यात त्याला कमीपणा वाटायचं कारण नाही. कोलोरॅडोत साधारण पाचांतल्या एकालाच एल्क, म्हणजे इथलं मोठं हरीण, मिळतं.

पहाटे 5:00
स्वार झालो. बंदूक खोगिराला लटकवलेल्या चामडी म्यानात. नळी रिकामी असल्याची खात्री गाईडने स्वतः बोट घालून केली. पाहुण्याने मान डोलावली. वाट दिसत नाही, घोड्याला दिसते.

वाटेत कायदा कळला. परराज्यातल्या माणसाला या विल्डरनेसमध्ये चालायला, मासे धरायला, तंबू ठोकायला कोणी विचारत नाही. पण एल्क, हरीण, अस्वल यांची शिकार करायची तर परवानाधारक गाईड हवा, नाहीतर वायोमिंगचा रहिवासी सोबत हवा. रहिवाशाला ही अट नाही. रहिवाशाचा एल्कचा परवाना 57 डॉलरचा, बाहेरच्याचा 692 डॉलरचा. त्यावर या छावणीचे आठ दिवसांचे साडेआठ हजार. बाहेरचे लोक या अटीवर चिडतात. जमीन केंद्र सरकारची, म्हणजे आमचीही, मग हे पहारेकरी कशाला, असं म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटलं.

सकाळी 6:52
सूर्योदयाआधी अर्धा तास. इथून पुढे गोळी झाडायला परवानगी. आम्ही घोडे बांधून चालत निघालोय. पाहुण्याच्या अंगावर भडक नारिंगी जाकीट, तेही कायद्याने.

गाईड दर पन्नास पावलांवर थांबतो. खिशातून छोटी बाटली काढून दाबतो, पांढऱ्या भुकटीची फुंकर हवेत जाते. ती कुठे सरकते ते बघतो. वारा पाठीवर आला की वाट सोडून वळसा. असे तीन वळसे झाले. पाहुण्याला धाप लागली तर त्याच्याकडे न बघता गाईड स्वतःच बुटाची नाडी बांधायला बसतो. नाडी सुटलेली नसते.

सकाळी 8:40
एल्क हे सांबराच्या कुळातलं जनावर, पण अंगाने त्याहून थोराड. मोठा नर तीनशे किलोंच्या वर जातो. माजाचे दिवस सरत आलेत, तरी एखादा नर अजून ओरडतो. ती हाक आधी खालून घोगरी निघते आणि मग शिटीसारखी चढत जाते. गाईडने टाळूला रबरी पातं चिकटवून मादीचा आवाज काढला. पलीकडच्या उतारावरून उत्तर आलं. मग तो गप्प बसला. वीस मिनिटं. पाहुणा खुणेने विचारतो, परत हाक दे. गाईड मान हलवतो, नाही.

सकाळी 9:25
गोळी. एकच. नर चाळीसेक पावलं गेला आणि पडला. पाहुणा खाली बसला, त्याचे हात थरथरत होते. गाईडने घड्याळ बघितलं आणि अर्धा तास कोणाला हलू दिलं नाही.

सकाळी 10:00
पाहुण्याचं काम जवळजवळ संपलंय. त्याने परवान्याच्या पावतीवर तारीख घालून सही केली. फोटो काढले. गाईडने बाह्या वर केल्या.

इथून पुढचं मी जवळून पाहिलं. हत्यारं थोडी: दोन चाकू, पाती बदलायची, आणि एक छोटी करवत. पाती तो स्वतःच्या पैशाने घेतो. एका एल्कला तीन-चार लागतात, कारण केस आणि चिखल धार खातात. पोट तो फाडत नाही. जनावर एका कुशीवर, कातडं पाठीच्या कण्यापासून खाली सोलत आणायचं, मोजा काढावा तसं. पुढचा फरा हाडाच्या सांध्यात नसतोच, नुसत्या मांसावर बसलेला असतो. तो पाय वर धरतो आणि चाकू सपाट फिरवतो, फरा सुटून हातात येतो. मागच्या फऱ्याला खुब्याची वाटी शोधावी लागते. त्याचं बोट आधी जातं, चाकू नंतर. मग कण्याला लागून असलेली पाठीची लांब पट्टी. मग बरगडीमागून हात घालून आतलं मऊ मांस. मग सगळं जनावर उलटायचं. त्यासाठी आम्ही तिघं लागलो, आणि माझे बूट दोनदा घसरले.

कायदा म्हणतो, मागचे फरे घोट्यापर्यंत, पुढचे गुडघ्यापर्यंत आणि पाठीचं मांस, एवढं न्यायलाच हवं. नुसती शिंगं उचलून गेलं तर गुन्हा. गाईड त्याही पुढे जातो. मानेचं मांस, बरगड्यांमधलं मांस, सगळं खरवडून विरळ सुती पिशवीत भरतो. एका मांसपेशीला त्याने नर असल्याची खूण तशीच लागलेली ठेवली, तीही कायद्यासाठी.

मधूनमधून तो उठून चहूकडे बघतो. छातीवर अस्वलासाठीच्या तिखटाच्या फवाऱ्याचा डबा. इथली ग्रिझली अस्वलं गोळीचा आवाज ऐकून येतात, असं तो म्हणतो. 2018च्या सप्टेंबरात याच विल्डरनेसमध्ये आदल्या संध्याकाळी मारलेला एल्क दुसऱ्या दिवशी कापायला गेलेला एक गाईड ग्रिझलीच्या हल्ल्यात गेला. गाईडने ते पाहुण्याला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही पाहुणा पाणी प्यायला बाजूला गेल्यावर.

दुपारी 12:20
चारही फरे आणि मांसाच्या पिशव्या सांगाड्यापासून दीडशे पावलं दूर, उघड्यावर नेऊन सावलीत टांगल्या. जमिनीपासून दहा फूट वर, खोडापासून चार फूट दूर. मागचा एक फरा हाडासकट पस्तीस किलोंचा. पाहुण्याने एक उचलला, वीस पावलांवर ठेवला. तो काही बोलला नाही. परत उचलला.

दुपारी 1:15
खेचरं आणायला छावणीकडे परतताना वाटेत एक माणूस भेटला. पाठीवर ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची पिशवी, दोन्ही हातांत काठ्या, मान खाली. इथलाच सुतार, गाईडच्या ओळखीचा. काल सकाळी त्याने मादी मारली. एकटाच आहे. मांस हाडावरून सोडवून तीन खेपांत वाटलंय. ही दुसरी. एका खेपेला पंचवीस किलोंच्या आत-बाहेर. त्याची गाडी अजून आठ किलोमीटरवर. इथे चाकाचा हातगाडासुद्धा चालत नाही. विल्डरनेसमध्ये चाक नाही, इंजिन नाही, वाटेवर पडलेलं झाडही दोघांनी ओढायच्या करवतीने कापायचं.

"तिसरी कधी?" गाईडने विचारलं.
"उद्या. आज गुडघा ऐकणार नाही."
"मालकाला विचारू? परत जाताना एक खेचर रिकामं असतं."
"किती घेईल?"
"पाचशे."
सुतार हसला. "पाठीला भाडं नाही पडत."

त्याने कातड्याच्या बाटलीतलं पाणी प्यायलं, पट्टे आवळले, निघाला. खांद्यावर पट्ट्यांखाली सदरा रक्ताने आणि घामाने काळा पडलेला. त्याचा हिशेब मला सरळ वाटला. 57 डॉलरचा परवाना, पेट्रोल, चार दिवसांची बुडालेली मजुरी, आणि हिवाळाभराचं मांस घरात. माग, वारा, गोळी, कापणं, वाहणं, सगळं त्याचं. त्याला जे येतं ते बापाकडून आणि याच डोंगरात आलंय. टेक्ससच्या माणसाला तो बाप मिळाला नाही, एवढाच फरक.

दुपारी 2:45
छावणी. स्वयंपाकिणीने सूप पुढे ठेवलं. पाहुणा खाऊन आडवा झाला, लगेच घोरायला लागला. यात गैर काही नाही. यासाठीच त्याने पैसे मोजलेत.

मी नागपूरचा. आमच्या शहरात 1950च्या दशकात ॲल्विन कूपर नावाची कंपनी परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलात शिकारीला नेत असे. विद्याचरण शुक्ल राजकारणात येण्याआधी त्याच कंपनीत होते. तंबू, मचाण, गाईड, सगळं कंपनीचं. रान उठवणारे हाकारे आसपासच्या गावांतले. 1970 साली वाघाची शिकार बंद झाली, 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि तो धंदा उठला. लहानपणी त्या पाहुण्यांच्या गोष्टी ऐकल्या. हाकाऱ्याच्या दिवसाची गोष्ट कोणी सांगितली नाही. म्हणून मी इथे गाईडच्या मागे मागे फिरतोय.

दुपारी 3:20
गाईडने सूप उभ्यानेच संपवलं. दोन खेचरांवर खोगिरं चढवली. तो एका घोड्यावर, मी दुसऱ्यावर. परत तीच वाट.

संध्याकाळी 5:15
दीडशे पावलं आधीच तो थांबला. सांगाड्यावरून डोमकावळे उडाले. दुर्बीण लावून त्याने दहा मिनिटं सगळा उतार पिंजून काढला, मोठ्याने दोनदा ओरडला. काही नाही. मग पुढे.

खेचर भरणं हे आजच्या दिवसातलं सगळ्यांत अवघड काम आहे. गोळी नाही, कापणंही नाही. खेचराला सत्तर किलो ओझं, पस्तीस इकडे, पस्तीस तिकडे. गाईडकडे ताणकाटा आहे, प्रत्येक फरा तो लटकवून बघतो. एका बाजूला किलोभर जास्त झालं तर चढावर खोगीर फिरतं, खेचर बुजतं, आणि मग मांस, खेचर, माणूस, तिघंही दरीत. कमी बाजूला त्याने मानेच्या मांसाची पिशवी टाकली, परत तोललं, एक दगड टाकला, दगड काढला. मग मेणकापड. मग दोर. दोर खोगिराखालून काढून वर चौकटीसारखा आवळत आणायचा, प्रत्येक ओढीला गुडघा खेचराच्या कुशीला टेकवून. खेचराला रक्ताचा वास आवडत नाही. तो त्याच्या नाकाशी हात नेऊन काहीतरी पुटपुटत राहतो. माझ्या हातात दोराचं टोक होतं, दहा मिनिटांत तळव्याची साल निघाली.

शिंगं सगळ्यांत शेवटी, वर.

संध्याकाळी 6:35
निघालो. अंधार होण्याआधी ओढा ओलांडायचाय. ओलांडला.

रात्री 8:40
छावणी. फरे दांडीवर चढवले. पाहुणा बाहेर आला, दिवा घेऊन प्रत्येक पिशवीला हात लावून बघत होता. त्याने विचारलं, "हे तू एकट्याने भरलंस?" गाईड म्हणाला, "तुम्ही जेवलात ना?"

रात्री 9:30
गाईड आता जेवून उठला. खोगिरं उतरवली, जनावरांच्या पाठी हात फिरवून बघितल्या, कुठे सोलवटलंय का. दाणा दिला. चाऱ्याच्या गाठीही इथे तणमुक्त असल्याचा दाखला असलेल्याच चालतात, म्हणून महाग.

त्याची मजुरी दिवसाला दीडशे डॉलर, जेवण आणि तंबू धरून. साडेतीन ते साडेनऊ अठरा तास झाले. तासाला आठ डॉलर तेहतीस सेंट. खोगीर, बूट, दुर्बीण, चाकूची पाती त्याची. हंगाम दहा आठवड्यांचा. हिवाळ्यात तो रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर असतो, उन्हाळ्यात मासे धरणाऱ्यांना नदीवर नेतो. पाहुण्याकडून बक्षीस मिळालं तर हंगाम बरा जातो.

सकाळी मला कायद्याच्या विरोधातलं म्हणणं पटलं होतं. ते अजूनही पुरतं खोडता येत नाही. ज्याला डोंगर येतो, पाठ आहे आणि जवळ गाडी आहे, त्याने त्या सुतारासारखं एकट्याने जावं. त्याच्याइतकं मांस आणि समाधान दुसऱ्या कोणाला मिळत नाही. पण बाहेरून येणाऱ्या माणसाला इथे गोळीपुरती मदत लागत नाही. गोळीनंतरचे बारा तास लागतात.

अमेरिकेत राहणारे आपले काही लोक हल्ली अशा सहलींची चौकशी करतात. त्यांनी आउटफिटरला, म्हणजे छावणीच्या मालकाला, शिंगांचे फोटो मागण्याआधी खेचरं किती आहेत ते विचारावं, आणि गाईडला पुरेशी झोप मिळते का तेही. परतताना दहा-पंधरा टक्के बक्षीस द्यायचा रिवाज आहे. ते रोख न्या आणि गाईडच्या हातात द्या. स्वयंपाकिणीचं पाकीट वेगळं ठेवा.