झिजलेला शाफ्ट आणि लेझरचा प्रकाश

धानाचा हंगाम आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या राइस मिलांना उसंत नसते. अशात बेअरिंगच्या जागी शाफ्ट झिजला, तर वर्कशॉपमध्ये तो वेल्डिंगने भरतात आणि लेथवर पुन्हा मापात आणतात. काम भागते, पण आर्कची उष्णता खोल जाते, लांब शाफ्ट वाकतो, आणि वाकलेला शाफ्ट नवे बेअरिंगही खातो. लेझर आणि धातू यांवरच्या संशोधनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग याच दुखण्यावरचा आहे.

या संशोधनाचा एक धागा बारामतीचा. सी. कुमार पटेल तिथे १९३८ साली जन्मले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेझर घडवला. नायट्रोजनच्या रेणूंना विजेने चेतवायचे आणि ती ऊर्जा त्यांनी कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करायची, ही पटेलांची युक्ती. पोलादी पत्रे कापणारी यंत्रे पुढे कित्येक वर्षे याच वायूवर चालली. आता बरीचशी जागा फायबर लेझरने घेतली आहे. पटेलांच्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, फायबरची साधारण १ मायक्रॉन; लांब तरंग पोलाद बहुतांशी परतवते, आखूड तरंग जास्त शोषते.

आपल्याकडे लेझरचे हे काम इंदूरला रुजले. १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या तिथल्या केंद्राचे (आजचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) संस्थापक संचालक होते दिलीप भवाळकर. नरोरा आणि काकरापारच्या अणुभट्ट्यांतल्या शीतक नळ्या बदलताना या केंद्राचे लेझर कापणीसाठी वापरले गेले. प्रकाश फायबरमधून दूर नेता येतो, त्यामुळे कामगारांना किरणोत्सर्गाजवळ कमी थांबावे लागले.

झिजलेल्या शाफ्टवरचा इलाज म्हणजे लेझर क्लॅडिंग. त्यात झिजलेल्या जागेवर किरण पडतो, त्याच क्षणी तिथे धातूची भुकटी सोडली जाते. पृष्ठभाग आणि भुकटी वितळून एकजीव होतात. वितळलेला ठिपका एवढा लहान असतो, की भोवतीचा धातू त्याला क्षणात थंड करतो आणि शाफ्ट वाकण्याची भीती खूपच कमी होते. हेच काम संगणकाच्या आज्ञेने थरावर थर करत गेले, की अख्खा भाग उभा राहतो. याच्याच जवळच्या पद्धतीने, पसरलेल्या भुकटीचे थर लेझरने वितळवून छापलेले पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे पीएस४ इंजिन इस्रोने मे २०२४ मध्ये ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वीच्या १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड-जोड गेले. पूर्वी एका इंजिनाला ५६५ किलो धातू लागे, आता १३.७ किलो भुकटी पुरते.

रॉकेटचे कौतुक व्हावेच. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलभागाला आधी दुरुस्ती हवी. चंद्रपूरच्या कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, सूरजागडची लोहखाण, सगळीकडे लोखंड रोज झिजते. एकेका मिलला क्लॅडिंगचे यंत्र परवडणार नाही. चंद्रपुरात एक सामायिक केंद्र मात्र सगळ्यांना चालवता येईल. वडशाहून नागभीड, मूलमार्गे चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्थानकापर्यंत रेल्वे आहेच. मात्र एक काळजी हवी: धातूची बारीक भुकटी फुप्फुसात जाते, काही धातूंची भुकटी पेटही घेते. म्हणून आयटीआयच्या वेल्डर आणि मशिनिस्ट मुलांना किरणाइतकीच भुकटी हाताळण्याचीही तालीम द्यावी लागेल.