चहा, सपीठ आणि पापाचा हिशेब

मंडईकडून गुरुवार पेठेत शिरलं, की पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा दिसतो. देवालय १८८५ चं, मंडईची इमारत १८८६ ची. ऑक्टोबर १८९० मध्ये इथल्या मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली, ख्रिस्त्यांचा चहा पुढे आला आणि गोपाळराव जोशींनी नावं छापून आणताच ग्रामण्य पेटलं. आपण काशीत प्रायश्चित्त घेतलंय, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. या चहावर मराठीत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. प्रायश्चित्ताचाच आणखी एक जुना वाद, ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातला, त्या शतकात मराठीतून चालला होता. तो मात्र कुणाला फारसा आठवत नाही.

या वादातले ज्यू म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. पलटणींतून आणि सरकारी नोकऱ्यांतून ते पुण्यात आले. रास्ता पेठेतलं त्यांचं सुक्कथ शेलोमो हे प्रार्थनामंदिर १९२१ चं. (लष्करातलं लाल देऊळ वेगळं, ते बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी बांधवलं. पुणेकर दोन्हींची सर्रास गल्लत करतात.) कोकणात हिब्रू ग्रंथ विस्मरणात गेले, तरी प्रायश्चित्ताचा दिवस टिकला होता. त्याला म्हणत दारफाळणीचा सण. आंघोळ, पांढरे कपडे, कडक उपास, दारं बंद, परक्याशी बोलणंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण आणि दानधर्म.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आला आणि १८३२ मध्ये त्यानं या समाजासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं. जुना करार नीट वाचला, की ही माणसं आपसूक नव्या कराराकडे वळतील, अशी मिशनऱ्यांची अटकळ. झालं उलटंच. बाप्तिस्मा घेणारे मोजकेच निघाले. बाकीच्यांनी ती विद्या आपल्याच धर्माच्या कामी लावली. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची हग्गादा हिब्रू-मराठीत छापली गेली. मुंबईत जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी ज्यू प्रार्थना मराठीत आणल्या.

वाद नेमका कशाचा? आदामाबरोबर सारी मानवजात पापात पडली, हे ख्रिस्ती धर्मशास्त्रानं पौलाच्या रोमकरांस पत्रातून काढलं. त्याला मूळ पापाचा पक्का आकार दिला तो ऑगस्टीननं. माणूस स्वतःच्या इच्छेनं चांगला वागू शकतो, असं म्हणणाऱ्या पेलागियसची शिकवण ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेनं धुडकावली. पूर्वेकडच्या मंडळींनी मात्र आदामाकडून मृत्यू वारशानं आला असं मानलं, अपराध नव्हे. तेव्हा ‘ख्रिस्ती मत’ असं एकाच दमात म्हणताना जरा जपूनच. ज्यूंच्या मते माणसात वाईटाची ओढ असते, पण तो दोषी जन्मत नाही. यहेज्केल संदेष्टा बापाचं पाप मुलाच्या माथी मारायला साफ नकार देतो.

खरी खडाजंगी रक्तावरून. वेदीवरचं रक्त प्रायश्चित्तासाठी दिलं आहे, असं लेवीयाच्या सतराव्या अध्यायात येतं. इब्री लोकांस पत्र त्यावरून येशूचं मरण हाच अखेरचा यज्ञ ठरवतं. ज्यूंचं उत्तर त्याच लेवीयाच्या पाचव्या अध्यायात आहे: ज्याला कबुतरंही परवडत नाहीत, त्यानं एफा या मापाचा दहावा हिस्सा सपीठ आणावं, त्यालाही क्षमा मिळते. गरिबाच्या पिठावर उभं राहिलेलं हे उत्तर मला बिनतोड वाटतं. पण इब्री पत्राच्या कर्त्यानंही ‘रक्ताविना क्षमा नाही’ या आपल्या विधानात अपवादाला जागा ठेवली होती, हे ज्यू वादपटूंनी सोयीनं वगळू नये. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि यज्ञच थांबले. मग रब्बींनी पश्चात्ताप, प्रार्थना आणि दान यांवर भर दिला. शिवाय मिश्ना या रब्बींच्या संहितेनं एक अट घातली: शेजाऱ्याचं वाईट केलं असेल, तर आधी त्याची समजूत काढायची, नुसत्या उपासानं ते पाप फिटत नाही.

आता पुन्हा पंचहौदाकडे. १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वँटेजला झाला. तिथल्याच मठाच्या भगिनी पंचहौदात काम करत. रमाबाई त्रैक्यावरून आणि आद्य मंडळीच्या मतांगीकारांवरून या भगिनींशी वर्षानुवर्षं पत्रांतून भांडल्या. शास्त्र स्वतः वाचून ठरवीन, हा त्यांचा हट्ट. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे राजपूरकरांची वाट आणि रमाबाईंची वाट, दोन्ही हिब्रूतून मराठीत येणाऱ्या. राजपूरकरांनी आणली ती स्वतः चुकून स्वतःच परतणाऱ्या माणसाची प्रार्थना. रमाबाईंची मात्र १८९१ नंतर खात्री झाली होती, की माणसाच्या करणीनं तारण होत नाही.