तोल सांभाळा, चौघांत मिळून

दर्पण कॉलनीत सकाळी फेरफटका मारणाऱ्या आजी-आजोबांनो, नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असा भक्कम पुरावा नाही. कॉक्रेन या आरोग्य-संशोधन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात व्यायाम आणि पडणं यांवरच्या १०८ चाचण्या तपासल्या गेल्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. व्यायाम गटात केला की एकट्याने, याने फारसा फरक पडला नाही. पण गटात दांडी मारायला लाज वाटते, हा फायदा कमी नाही!

मग तोल सांभाळण्यासाठी काय करायचं? हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं. भिंतीलगत, मागच्या पायाच्या अंगठ्यापुढे टाच टेकवत सरळ रेषेत चालायचं. ६५ वर्षांपुढे असा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.